नकोशा विचारांवर लिखित जपाची वही: कुठली घ्यावी, कशी वापरावी

गोंदवल्यात मंदिराच्या वाटेवर, साताऱ्यात मोती चौकाच्या आसपास, सांगलीत गणपती पेठेत, कुठल्याही पूजासाहित्याच्या दुकानात विचारा, लिखित जपाची वही, म्हणजे चौकटी-चौकटीत देवाचं नाम लिहायची वही, मिळेल. ती घेणाऱ्यांत पुण्यसंचय हा हेतू असणारे असतात, तसेच डोक्यातलं चक्र थांबावं म्हणून घेणारेही पुष्कळ असतात. रिपोर्टमध्ये काय निघेल, पोराचं कसं होईल, आपल्याच वाट्याला हे का. अशा मनाला या वहीचा उपयोग होतो, मात्र आखणी योग्य हवी आणि वापर त्याहून योग्य हवा.

आखणी दोन प्रकारची असते. एकीत आडव्या ९ आणि उभ्या १२ अशा बारीक चौकटी, त्यात जेमतेम ‘राम’ मावतो. दुसरीत ए-फोर पानावर ४ रकाने आणि २७ ओळी. चौकट साडेचार सेंटिमीटर रुंद, म्हणून ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा तेरा अक्षरी मंत्र नीट बसतो. दोन्हींत पानाला १०८च होतात. चिंता करणाऱ्याने दुसरी घ्यावी. दोन अक्षरं लिहायला हात लगेच सरावतो, आपोआप चालतो आणि डोकं पुन्हा चिंतेकडे मोकळं होतं. तेरा अक्षरांत आधी एक ‘जय’, मग दोन, हे भान ठेवावंच लागतं. लक्ष उडालं की शेवटचा एक ‘जय’ हमखास गळतो आणि चौकटीच्या उजव्या बाजूला रिकामी जागा राहते. मन कुठे भरकटलं ते असं कागदावर दिसतं, यासाठीच ही वही पैसे देऊन घेण्याजोगी आहे. बोटात घालायच्या डिजिटल काउंटरमध्ये ही सोय नाही. तिथे आकडा वाढतो आणि नाम राहून जातं.

कागद पातळ असेल तर जेल पेन मागे उमटतं, साधं बॉलपेन वापरा. जाड वही पिनांची नको, मधली पानं सुटतात, शिलाईची बघा.

आता दोष. काही वह्यांच्या आतल्या पानावर सूचना छापलेल्या असतात: वाईट विचार येताच लिहायला बसा, खाडाखोड झाल्यास पान नव्याने लिहा, खंड पडू देऊ नका. नकोशा विचारांनी त्रासलेल्या माणसासाठी या तिन्ही सूचना घातक आहेत. विचार हाकलायला गेलं की तो जास्त येतो, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली पांढऱ्या अस्वलाच्या प्रयोगातून दाखवलं. अस्वलाचा विचार करायचा नाही असं बजावलेल्यांच्या मनात ते पुन्हा पुन्हा येत राहिलं. गोंदवलेकर महाराजांच्या (१८४५–१९१३) निरूपणातला सूरही याच्या विरोधात नाही: नाम घेताना विचार येणारच, त्यांच्यामागे जाऊ नका, नाम सोडू नका. छापणाऱ्यांनी तीन सूचनांऐवजी एवढं जरी छापलं तरी वहीचं मोल कितीतरी वाढेल.

म्हणून वेळ ठरवून बसा, विचार आला म्हणून बसू नका. सुरुवातीला एका सुट्या कागदाचे दोन भाग करा. डावीकडे घडलेलं लिहा: ‘डॉक्टरांनी रक्त पुन्हा तपासायला सांगितलं.’ उजवीकडे आपण लावलेला अर्थ: ‘देव माझ्यावर कोपलाय.’ ही पद्धत मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांच्या, विचार तपासून बघायच्या उपचारपद्धतीतली, १९६०च्या दशकापासून उपचारात रुळलेली. कागद उलटा ठेवून वही उघडा. मंत्र हळू पुटपुटत, एका श्वासात एक, साधारण दहा सेकंदांत एक चौकट. पान १८ मिनिटांत होतं आणि श्वास मिनिटाला सहावर येतो. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात २३ निरोगी व्यक्तींनी माळेवरची ख्रिस्ती प्रार्थना आणि बौद्ध मंत्र म्हटला, तेव्हा श्वास याच लयीत आला होता. तो अभ्यास उच्चाराचा होता, लेखनाचा नव्हे. म्हणून पुटपुटणं गाळू नका. ‘जय’ गळला तर तसाच राहू द्या. पान झालं की सुटा कागद परत वाचा आणि उजव्या बाजूला दुसरा कुठला अर्थ बसतो का ते बघा.

उजव्या बाजूला काय येतं यावर श्रद्धा आधार देते की ओझं होते हे ठरतं. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी धार्मिक आधाराचे दोन प्रकार मांडले. ‘देव या दुखण्यात सोबत आहे’ हा एक. ‘देवाने शिक्षा दिली, मला टाकलं’ हा दुसरा, आणि त्याच्यासोबत नैराश्य जास्त आढळतं. दुसऱ्या प्रकारातला माणूस वही भरतो ती दंड भरल्यासारखी. त्याला आणखी वह्या देऊन उपयोग नाही, आधी कुणीतरी त्याच्याशी बोलायला हवं.

आणि काहींनी ही वही घेऊच नये. देवाबद्दल घाणेरडे विचार मनात येतात, ते आले म्हणजे पाप घडलं असं वाटतं, ते धुऊन काढायला ठरावीक आकडा गाठावाच लागतो, एक अक्षर चुकलं की पान फाडून पुन्हा सुरुवात होते: ही ओसीडीची, म्हणजे मंत्रचळ या मानसिक आजाराची लक्षणं असू शकतात. तिथे वही आजाराला खतपाणी घालते. घरच्यांनी श्रद्धा वाढली म्हणून कौतुक करू नये. सातारच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात किंवा सांगलीच्या वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार असतील तर लगेच १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लावावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. उपचारासाठी नाम सोडावं लागत नाही, फक्त मोजणं आणि पुन्हा लिहिणं थांबवावं लागतं.

भरलेली वही मंदिरात अर्पण करायची पद्धत आहे, म्हणून चिंता वहीच्या समासात न लिहिता सुट्या कागदावरच लिहा. मोठ्या चौकटीची वही मिळाली नाही तर साध्या फुलस्केप वहीत पट्टीने चार रकाने पाडले तरी काम भागतं.