नैरोबीत बनलेला माल कुठे विकायचा: कंपाला, लुसाका की आक्रा?

नैरोबी किंवा जवळच्या आथी रिव्हरला कारखाना टाकायच्या बेतात असलेले आपल्याकडचे लोक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "आता आफ्रिकेत सगळीकडे ड्युटी माफ आहे ना?" माफ आहे, पण सरसकट नाही. केनिया एकाच वेळी तीन व्यवस्थांमध्ये आहे: पूर्व आफ्रिकी समुदाय (कस्टम्स युनियन, म्हणजे आपसात ड्युटी नाही आणि बाहेरच्यांना सगळ्यांचा एकच दर, २००५ पासून), कोमेसा, म्हणजे पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या देशांची सामाईक बाजारपेठ (मुक्त व्यापार क्षेत्र २००० पासून) आणि खंडभराचा मुक्त व्यापार करार एएफसीएफटीए (व्यवहार १ जानेवारी २०२१ पासून). माल तोच असला तरी कुठल्या सीमेवरून जातो त्यानुसार कागद बदलतो, अटी बदलतात आणि खिशाला बसणारी चाटही बदलते.

उदाहरणाला प्लॅस्टिकच्या बादल्या घेऊ. दाणा बाहेरून आणायचा, साच्यात ओतायचा, बादली काढायची. आपल्या लोकांना हा धंदा नवा नाही.

पहिला पर्याय युगांडा. भाडं आणि विमा धरून ट्रकभर मालाची किंमत १०० समजा. समुदायाचं मूळ प्रमाणपत्र (माल कुठे बनला त्याचा दाखला) सोबत असेल तर ड्युटी शून्य आणि युगांडाचा व्हॅट १८ टक्के, म्हणजे सीमेवर १८. प्रमाणपत्र नसेल तर तुमची बादली परक्या देशातून आल्यासारखीच. तयार घरगुती प्लॅस्टिकला समुदायाच्या सामाईक दराने २५ टक्के ड्युटी, वर १२५ वर १८ टक्के व्हॅट म्हणजे साडेबावीस, एकूण साडेसत्तेचाळीस. बाकीचे किरकोळ आकार यात धरलेले नाहीत. एका कागदाची किंमत साडेएकोणतीस! केनियात हा कागद महसूल प्राधिकरण देतं. व्यापारी मंडळाचं साधं मूळ प्रमाणपत्र इथे उपयोगाचं नाही.

कागद असूनही माणूस अडकतो, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. युगांडाच्या सीमेवर मलाबाला दोन्ही देशांचे अधिकारी एकाच आवारात बसतात, त्यामुळे गाडी एकदाच थांबते. आमची एक गाडी मात्र तीन दिवस थांबली, कारण इनव्हॉइसवर बादलीचा एचएस कोड (कस्टम्सचा वस्तू-क्रमांक) एक होता आणि प्रमाणपत्रावर दुसरा. शेवटचे दोन आकडे टाइप करताना मीच चुकवले होते. ड्रायव्हर रोज संध्याकाळी फोन करून शांतपणे विचारायचा, "आज?"

युगांडाच्या वाटेवर आणखी एक खाच आहे, ती फारसं कुणी सांगत नाही. कच्चा माल ड्युटी सवलतीत आणून बनवलेली वस्तू समुदायाबाहेर विकली तर ठीक. तीच समुदायातल्या देशात विकायला गेलात तर पूर्ण ड्युटी मागितली जाऊ शकते. केनियातल्या मिठाई आणि बिस्किटांवर टांझानियाने २५ टक्के लावले ते याच मुद्द्यावर, कारण त्यांत सवलतीची आयात साखर होती. बादलीवाल्यांचं बरं आहे. पॉलिप्रॉपिलीनच्या दाण्यावर मुळातच शून्य दर असल्याने सवलत मागावी लागत नाही.

टांझानियाचं गणित कागदावर युगांडासारखंच, १८ टक्के व्हॅटसकट. वेगळं लिहीत नाही.

दुसरा पर्याय झांबिया. तो पूर्व आफ्रिकी समुदायात नाही, पण कोमेसात आहे, म्हणून तिथे कोमेसाचं प्रमाणपत्र लागतं. ड्युटी शून्य, व्हॅट १६ टक्के. दर बघितले तर युगांडापेक्षा स्वस्तच. पण रस्ता टांझानियातून जातो आणि टांझानियाने २००० साली कोमेसा सोडलं. त्यामुळे केनियाच्या सीमेवर नामांगाला आत शिरलेली गाडी झांबियाच्या सीमेवर तुंडुमाला बाहेर पडेपर्यंत माल ट्रान्झिटमध्ये, बॉण्डवर (ड्युटीच्या हमीवर) असतो. पुढे नाकोंडेला झांबियाचे अधिकारी. मूळ ठरवायचे निकषही वेगळे आहेत. बाहेरच्या साहित्याचा वाटा ६० टक्क्यांच्या आत, किंवा किमान ३५ टक्के मूल्यवर्धन, किंवा ठरावीक वस्तूंना शुल्क-शीर्षक (ड्युटीच्या यादीतला वस्तूचा गट) बदलल्याची अट, यांपैकी एक तरी दाखवावं लागतं. केनियात शुद्ध केलेलं पामतेल झांबियाने अडवलं होतं ते याच वादातून. दाण्याची बादली होते तेव्हा शीर्षक बदलतं, पण आपली वस्तू त्या यादीत आहे का ते आधी तपासा. नसेल तर खर्चाचा हिशेब कागदोपत्री चोख हवा. वीज, मजुरी, घसारा, सगळा.

तिसरा घाना, म्हणजे खंडीय करार. बातम्या याच्याच जास्त. ऑक्टोबर २०२२ मध्ये निवडक देशांत प्रायोगिक व्यवहार सुरू झाले तेव्हा केनियातून बॅटऱ्या आणि चहा घानाला गेले. पण इथे शून्य एका झटक्यात येत नाही. ९० टक्के शुल्क-ओळींवरची, म्हणजे यादीतल्या एकेका नोंदीवरची, ड्युटी टप्प्याटप्प्याने उतरते, ७ टक्के संवेदनशील म्हणून आणखी सावकाश, आणि ३ टक्के सवलतीबाहेर. तुमची ओळ यांतल्या कुठल्या गटात आणि यंदा कुठल्या पायरीवर, हे घानाच्या वेळापत्रकात शोधावं लागतं. व्हॅट वेगळा, शिवाय इकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या गटाबाहेरच्या मालावरचा त्या गटाचा ०.५ टक्के कर. आणि मोंबासाहून घानाच्या टेमा बंदराला बादल्या पाठवायच्या म्हणजे आफ्रिकेला वळसा घालून हवा वाहून न्यायची. छोट्या डब्यात मोठी किंमत असलेला माल असेल तर घानाचा विचार करा, बादल्यांसाठी नको.

न्हावा शेवाहून तयार माल आणून नैरोबीत फक्त नवं खोकं घालायचं, असा बेत असेल तर या तिन्ही वाटा बंद. नुसत्या पॅकिंगने माल केनियाचा होत नाही. मोंबासाला ड्युटी भरलेली असली तरी युगांडा आपली पुन्हा मागू शकतो.

मी असतो तर युगांडापासून सुरुवात केली असती, आणि गिऱ्हाईक व्हॅटला नोंदलेलं आहे ना, एवढं आधी विचारलं असतं. नोंदलेलं असेल तर सीमेवर भरलेले १८ त्याला पुढे वजा मिळतात. नसेल तर ते तुमच्याच भावातून कापायला बघतो. पहिली खेप २,००० डॉलरच्या आतली ठेवायची. तेवढ्या मालाला सीमेवरच सोपं प्रमाणपत्र मिळतं. युगांडाच्याच सीमेवर बुसियाला भाजीवाल्या बायका त्याच खिडकीपाशी उभ्या असतात, त्यांच्या मागे रांगेत लागायचं.