'०.१ ग्रेन अचूक' काट्याने मारलेला काटा

बंदुकीच्या काडतुसांच्या वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरायच्या तर पावडर, म्हणजे बंदुकीची दारू, ०.१ ग्रेनपर्यंत मोजता आली पाहिजे. एक ग्रेन साधारण ६४.८ मिलिग्रॅमचा, म्हणजे त्याचा दहावा भाग जेमतेम साडेसहा मिलिग्रॅम. पिस्तुलाच्या लहान काडतुसात पावडर असते मुळात चार-पाच ग्रेन. जास्त झाली तर दाब भलताच वाढतो, फारच कमी पडली तर गोळी नळीतच अडकते. म्हणून '०.१ ग्रेन अचूक' अशी जाहिरात असलेला डिजिटल काटा मागवला, आणि विकणाऱ्याने मला सरळ गंडवलं.

सुरुवातीला शंका यायचं कारण नव्हतं. सोबत आलेलं २० ग्रॅमचं वजन ठेवलं की आकडा नेमका २०.०० यायचा. पण ग्रेनवर लावून पावडर कणाकणाने सोडली की आकडा आधी ढिम्म, मग एकदम उडी. शेवटी आकडे लिहूनच काढले: ०.२, ०.३, ०.५, ०.६, ०.८, ०.९, १.१. ०.१ नाही, ०.४ नाही, ०.७ नाही, १.० सुद्धा नाही! काटा आतून ०.०१ ग्रॅमच्या, म्हणजे ०.१५ ग्रेनच्या पायरीने मोजत होता आणि त्याचंच ग्रेनमध्ये रूपांतर करून दाखवत होता.

तक्रार केली. उत्तर आलं, "पेटीतलं वजन बरोबर दाखवतोय ना? मग काटा चांगला आहे." ते वजन प्रयोगशाळेतल्या काट्यावर तपासून घेतलं, तर भरलं १९.८७ ग्रॅम. चोर चोर मावसभाऊ! काटा त्याच वजनावर कॅलिब्रेट केलेला, म्हणून दोघांचं इतकं जमत होतं. चार ग्रेनला ही तूट जाणवत नाही, पण रायफलच्या ४५ ग्रेनला ती ०.३ ग्रेनच्या आसपास जाते. पैसे अर्थातच बुडाले.

काटा घेताना ग्रेनचा आकडा बाजूला ठेवा, पायरी किती मिलिग्रॅमची ते लेखी मागा. १ मिलिग्रॅमची असेल तर उत्तम. तपासणीची वजनं दुसरीकडून घ्या, प्रमाणित, आणि जेवढी पावडर मोजता त्याच्या जवळपासची. पाच ग्रेन म्हणजे ०.३२ ग्रॅम, तिथे २०० आणि ५०० मिलिग्रॅमची वजनं कामाची; २० ग्रॅमचं ठोकळं काय सांगणार?

तोच काटा सध्या नव्या नावाने, '०.०२ ग्रेन' असा दावा करत विकायला आहे. फोटो मोठा करून पाहिला तर पारड्याशेजारी बारीक अक्षरांत छापलंय: डी, म्हणजे काट्याची पायरी, = ०.०१ ग्रॅम.