अ‍ॅम्प्लिफायरची पॉवर केबल : महागडी विकतची की जळगावात बनवून घेतलेली?

घरच्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरला चांगली पॉवर केबल लावायची म्हटले, की खान्देशातल्या श्रोत्यापुढे तीन वाटा असतात. यंत्रासोबत आलेली मूळ केबल तशीच चालू ठेवायची, विणलेल्या वेष्टनाची आणि सोनेरी पिनांची तयार केबल ऑनलाइन मागवायची, किंवा बाजारातून सुटी वायर, टॉप (भिंतीतल्या बोर्डात बसणारा प्लग) आणि सॉकेट आणून स्वतः अथवा ओळखीच्या वायरमनकडून ती बनवून घ्यायची. या तिन्ही केबली मी एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर, एकाच खोलीत, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वापरून पाहिल्या आहेत. माझी पसंती निःसंशय तिसऱ्या केबलीला आहे, आणि त्या पसंतीची कारणे बहुतेक जाहिरातींत सांगितल्या जाणाऱ्या कारणांपेक्षा फार वेगळी आहेत.

मूळ केबलीत तांब्याच्या दृष्टीने काहीच उणे नव्हते. तिची प्रत्येक तार ०.७५ चौरस मिलिमीटरची होती आणि घरगुती अ‍ॅम्प्लिफायरला तेवढी पुरून उरते. अडचण होती ती टॉपची. युरोपातल्या बाजारासाठी बनलेल्या अनेक यंत्रांना दोन गोल पिनांचा टॉप असतो, त्याच्या पिना ४.८ मिलिमीटर जाडीच्या असतात आणि अर्थिंगचा संपर्क टॉपच्या कडेला बसवलेल्या पट्ट्यांतून होतो. आपल्याकडच्या सहा अँपियरच्या सॉकेटची रचना साधारण ५.१ मिलिमीटरच्या पिनांसाठी केलेली आहे. त्यामुळे तो टॉप आत जातो खरा, पण सैल बसतो, आणि त्याहून गंभीर बाब म्हणजे यंत्राला अर्थिंग अजिबात मिळत नाही, कारण आपल्या सॉकेटमध्ये त्या कडेच्या पट्ट्यांना भेटणारे काहीच नसते. मध्ये अ‍ॅडॉप्टर घातला तर आणखी एक सैल सांधा वाढतो. माझ्याकडे टेबलाला धक्का लागला की स्पीकरमधून चरचर ऐकू येई आणि अ‍ॅडॉप्टर हाताला कोमट लागे. केबल बदलण्याचे खरे निमित्त हेच होते.

ऑनलाइन मागवलेल्या तयार केबलीला सुमारे चार हजार रुपये मोजावे लागले. दिसायला ती देखणी आहे, यात शंका नाही. बोटापेक्षा जाड, काळ्या-करड्या जाळीचे वेष्टन, पारदर्शक टॉप आणि त्यातून चमकणाऱ्या पिना असा तिचा थाट आहे. मात्र टॉपचे स्क्रू काढून आत पाहिले, तेव्हा त्या जाडीत तांब्यापेक्षा सुताची आणि प्लॅस्टिकची भरण कितीतरी अधिक असल्याचे दिसले. तारेची टोके स्क्रूखाली नुसती पिळून दाबलेली होती आणि दोन-तीन बारीक धागे बाहेर लोंबत होते. टॉप पुन्हा तोच युरोपीय पद्धतीचा, म्हणजे अर्थिंगचा प्रश्न चार हजार रुपये खर्चूनही जिथल्या तिथे राहिला. शिवाय केबल इतकी ताठ होती, की अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या सॉकेटवर तिचा भार पडून जोड हळूहळू खाली कलत गेला. अशी वस्तू अमेरिकी चपट्या पिनांचीही मिळते, आणि तीही आपल्या भिंतीवरच्या बोर्डात अ‍ॅडॉप्टरशिवाय बसत नाही. भारतीय टॉप नसलेली केबल कितीही नावाजलेली असली, तरी आपल्या घरासाठी ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जाड केबलीने फरक किती पडतो, याचा हिशेब कागदावर मांडता येतो आणि तो प्रत्येक ग्राहकाने एकदा मांडावाच. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या लवचीक तांब्याच्या तारेचा रोध २० अंश सेल्सिअसला किलोमीटरमागे जास्तीत जास्त २६ ओहम धरतात, तर दीड चौरस मिलिमीटरच्या तारेचा १३.३ ओहम. केबल दीड मीटर लांब असेल तर जाण्या-येण्याची मिळून तीन मीटर तार होते. अ‍ॅम्प्लिफायर एक अँपियर, म्हणजे सुमारे २३० वॉट ओढत असेल, तर पहिल्या केबलीत साधारण ०.०८ व्होल्ट आणि दुसरीत ०.०४ व्होल्ट घटतात. बैठकीच्या खोलीत ऐकण्याच्या आवाजाला अ‍ॅम्प्लिफायर याच्या निम्मीसुद्धा वीज सहसा घेत नाही. जाड केबलीचे समर्थक इथे एक रास्त मुद्दा मांडतात. ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि मोठे कपॅसिटर असलेला वीजपुरवठा प्रवाह सलग ओढत नाही, तो लाटेच्या माथ्यावर, सेकंदाला शंभर वेळा, छोट्या छोट्या झटक्यांत ओढतो, त्यामुळे क्षणिक प्रवाह सरासरीच्या कितीतरी पट असतो. हे मान्य करून तो पाच अँपियर धरला, तरी दोन्ही केबलींतला फरक ०.२ व्होल्टच्या आसपासच राहतो. आणि त्या दीड मीटरच्या मागे मीटरपासून बोर्डापर्यंतची भिंतीतली पंधरा-वीस मीटर वायर असतेच. ठिबकची मुख्य नळी तशीच ठेवून शेवटचा हातभर तुकडा तेवढा जाड बसवला, तर झाडाला पाणी वाढत नाही.

आपल्या भागात तर विजेचा दाब संध्याकाळी याच्या शेकडो पटींनी खालीवर होत असतो. रब्बीत एकाच वाहिनीवरचे कृषिपंप सुरू झाले की गावाकडच्या घरात २३० चे २०० व्होल्ट होणे नवलाचे नाही. आतला वीजपुरवठा अनियंत्रित, म्हणजे व्होल्टेज स्थिर न राखणारा, असलेल्या साध्या अ‍ॅम्प्लिफायरची कमाल शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते, म्हणजे २०० व्होल्टला ती सुमारे पाव हिश्शाने कमी होते. यावर कोणतीही केबल उपाय करू शकत नाही. तिथे योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझरच हवा, आणि केबलीसाठी राखलेले चार हजार रुपये त्याकडे वळवणे अधिक शहाणपणाचे ठरते.

आता बनवून घेतलेल्या केबलीविषयी. सामान जळगावच्या गोलाणी मार्केटमधून आणि जवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानांतून घेतले. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या बाजूला लागणारे सॉकेट संगणकाच्या सीपीयूला लागते तेच असते, त्याला सी-१३ म्हणतात आणि त्याची मर्यादा दहा अँपियरची आहे. उघडता येणारे, स्क्रूचे सी-१३ प्रत्येक दुकानात नसते, त्यासाठी थोडे फिरावे लागते. वायरीच्या बाबतीत दुकानदाराने दोन भेंडोळी पुढे ठेवली आणि म्हणाला, “भाऊ, दोन्ही तीन कोअर दीडचीच आहेत. हातात धरून बघा, मग भाव विचारा.” त्याचा हा सल्ला मला फार मोलाचा वाटला. तीन कोअर, म्हणजे आत तीन तारा असलेल्या, दीड चौरस मिलिमीटर वायरीच्या एका मीटरमध्ये नुसते तांबेच चाळीस ग्रॅम असते. त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली किंवा छापलेल्या मापापेक्षा बारीक असलेली वायर हाताला लगेच हलकी लागते. टोक सोलून एक धागा ब्लेडने खरवडला आणि आतून पांढरा निघाला, तर ती वायर घेऊ नये. धागा चुंबकाला चिकटला तर आत लोखंड आहे असे समजावे. वेष्टनावर आयएसआय चिन्ह आणि आयएस ६९४ हा मानक क्रमांक छापलेला पाहूनच मी वायर कापून घेतली.

टॉपसाठी आयएस १२९३ चे चिन्ह असलेला, भरीव पितळी पिनांचा टॉप निवडला. माझ्या बैठकीच्या खोलीत सोळा अँपियरचे सॉकेट असल्यामुळे मी सोळाचा टॉप लावला. त्याच्या पिना सुमारे सात मिलिमीटर जाड असतात आणि जाड पिनेची पकड अधिक विश्वासार्ह असते. मात्र अशा केबलीच्या दुसऱ्या टोकाला दहा अँपियरचे सॉकेट आहे, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावे, म्हणजे टॉप सोळाचा पाहून कोणी तिच्यावर त्याहून जास्त प्रवाह ओढणारे यंत्र लावणार नाही. ज्यांच्याकडे सहाचेच सॉकेट आहे त्यांनी निश्चिंतपणे सहाचा टॉप लावावा, आवाजात काही फरक पडत नाही. वायर, टॉप आणि सॉकेट मिळून खर्च साडेतीनशे ते पाचशे रुपयांच्या घरात गेला.

जोडणीत खरे कौशल्य लागते आणि तिथे घाई करू नये. तारेच्या सोललेल्या टोकावर माझ्या वायरमनने पिनलग, म्हणजे धातूची छोटी टोपणे, दाबून बसवले, सोल्डर केले नाही. अनेक हौशी लोक टोक सोल्डर करून स्क्रूखाली घालतात, पण सोल्डर मऊ असल्याने दाबाखाली हळूहळू पसरते, स्क्रू सैल पडतो आणि पुढे तोच सांधा तापू लागतो. अर्थिंगची हिरवी-पिवळी तार टॉपच्या आत इतर दोन तारांपेक्षा थोडी लांब ठेवली, म्हणजे केबलीला हिसका बसलाच तर फेज आणि न्यूट्रल आधी सुटतील आणि अर्थिंग सर्वांत शेवटी. टॉपचे झाकण उघडून, पिना पलीकडच्या दिशेला आणि मोठी पीन वर धरली, तर फेजची जागा उजवीकडे येते, तरीसुद्धा आत कोरलेली अक्षरे वाचूनच तारा लावाव्यात. वेष्टनाला पकडणारी पट्टी तारांवर न येता बाहेरच्या आवरणावर घट्ट बसली पाहिजे. सगळे झाल्यावर मल्टिमीटरने प्रत्येक तार या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली, कोणत्याही दोन तारा एकमेकींना लागत नाहीत याची खात्री केली आणि मगच केबल सिरीज बोर्डावर, म्हणजे मध्ये बल्ब जोडलेल्या तपासणीच्या बोर्डावर, लावली. स्क्रू-ड्रायव्हर धरण्याची सवय नसलेल्याने हे काम वायरमनकडूनच करून घ्यावे. २३० व्होल्टशी शिकाऊपणा परवडत नाही.

ऐकण्याच्या अनुभवाबाबत मी शक्य तेवढा प्रामाणिक राहतो. टेबलाला धक्का लागल्यावर येणारी चरचर पूर्ण गेली आणि टॉप थंड राहू लागला. हा लाभ भक्कम पकडीचा आहे. शास्त्रीय गायनाच्या ध्वनिमुद्रणात तानपुऱ्याच्या षड्जाखाली जी मंद घरघर पूर्वी ऐकू येई, ती मात्र केबल बदलल्यावर गेली नाही. उलट, अर्थिंग मिळाल्यावर ती थोडी वाढली. टीव्हीचे अर्थिंग एका बोर्डातून आणि अ‍ॅम्प्लिफायरचे दुसऱ्या बोर्डातून येत असल्यामुळे दोन्ही यंत्रांना जोडणाऱ्या सिग्नलच्या तारेतून प्रवाहाचे वर्तुळ तयार झाले होते. सगळी यंत्रे एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डावर घेतली आणि पॉवर केबल सिग्नलच्या तारांपासून वीतभर दूर नेली, तेव्हा तानपुरा स्वच्छ ऐकू आला. या घरघरीवर उपाय म्हणून टॉपची अर्थिंगची पीन काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो कृपा करून कोणीही मानू नये, कारण ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन बिघडल्यास यंत्राच्या पत्र्यात थेट वीज उतरते आणि तेव्हा तीच पीन माणसाला वाचवते.

सुराच्या गोडव्यात, तबल्याच्या बायाच्या भरदारपणात किंवा आवाजाच्या विस्तारात तिन्ही केबलींमध्ये मला फरक सापडला नाही. माझ्या भाच्याने पडद्यामागून केबली बदलल्या आणि दर वेळी “मामा, आता कोणती आहे?” असे विचारले. माझी उत्तरे निव्वळ अंदाजाची ठरली. या चाचणीत आम्ही अ‍ॅडॉप्टर मुद्दाम बदलून घट्ट बसणारा लावला होता, म्हणजे तुलना केवळ केबलींची व्हावी. पॉवर केबलीने पडदा उघडल्यासारखा आवाज मोकळा होतो, असे लिहिणाऱ्यांनी अशी न पाहता केलेली चाचणी एकदा अवश्य करून पाहावी.

खान्देशच्या हवामानाचा विचार वायर निवडतानाच करायला हवा. साध्या पीव्हीसीचे आवरण ७० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे बाहेर ४५ अंश असताना भिंतीला चिकटलेल्या कपाटामागे हवा कोंडते, आणि त्यात गुंडाळून ठेवलेली केबल असेल तर तिला उष्णता बाहेर टाकायला जागाच उरत नाही. म्हणून केबल गरजेपुरतीच लांब ठेवावी, दीड मीटर सहसा पुरते, आणि जास्तीची गुंडाळी करून अ‍ॅम्प्लिफायरमागे कोंबू नये. दीड चौरस मिलिमीटरची वायर घेण्याचे माझे खरे कारण हे आहे, की ती तापत नाही आणि तरीही वाकते. अडीचची वायर ताठ असते आणि सी-१३ च्या तोंडातून ती नीट जातही नाही.

अर्थिंगच्या बाबतीतही इथली जमीन लक्षात घ्यावी लागते. तापीकाठची काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि कागदोपत्री असलेले अर्थिंग प्रत्यक्षात दुबळे होते. केबलीवर पैसे घालण्याआधी वायरमनकडून ते मोजून घ्यावे आणि उन्हाळाभर खड्ड्यात पाणी घालत राहावे.

ज्या यंत्रावर चौकोनात चौकोन असे चिन्ह आहे, ते दुहेरी इन्सुलेशनचे असते. त्याला बहुधा इंग्रजी आठच्या आकाराचे दोन छिद्रांचे छोटे सॉकेट लागते आणि अर्थिंगची गरज नसते. माझा सीडी प्लेअर तसा आहे, त्याची मूळ केबल मी बदललेली नाही, फक्त तिचा टॉप घट्ट बसेल असा भारतीय लावून घेतला. बनवलेल्या केबलीचे स्क्रू महिनाभर वापरल्यानंतर वीज बंद करून, टॉप बोर्डातून काढून, एकदा आवळावेत. नव्या तारेचे धागे दाबाखाली थोडे बसतात, आणि माझ्या केबलीत न्यूट्रलचा स्क्रू त्या वेळी पाव फेरा फिरला.