बी.कॉम. अभ्यासक्रम : नोकरी देणाऱ्याचा अभिप्राय

सांगलीत माझे करसल्ला आणि हिशेबलेखनाचे छोटे कार्यालय आहे आणि दरवर्षी निकाल लागले की नुकतेच बी.कॉम. झालेले दोन-तीन विद्यार्थी मी कामावर घेतो. हा अभ्यासक्रम मीही शिकलो आहे. पण हा अभिप्राय लिहितो आहे तो त्यातून आलेल्या मुलांना रोज काम सोपवणारा माणूस म्हणून.

या पदवीने दिलेला पाया भक्कम आहे, हे आधी सांगितले पाहिजे. मालकाने घरखर्चासाठी गल्ल्यातून घेतलेली रक्कम हा धंद्याचा खर्च नसून उचल आहे, किंवा नवे यंत्र बसवण्याची मजुरी दुरुस्तीखाती न टाकता यंत्राच्या किमतीत धरायची असते, हे बी.कॉम. झालेल्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही. केवळ टॅली या हिशेबाच्या संगणक प्रणालीचा तीन महिन्यांचा वर्ग करून आलेली मुले सुरुवातीला झपाट्याने नोंदी करतात, पण अशा ठिकाणी अडखळतात. म्हणूनच पुस्तपालनाचे तास कमी करून संगणकाचे तास वाढवावेत, ही मागणी मला पटत नाही.

उणीव वेगळीच आहे. गेल्या वर्षी प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झालेल्या एका मुलीला मी एका हार्डवेअर दुकानाची महिन्याची खरेदीची बिले दिली. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेल्या त्या गठ्ठ्यात काही बिलांची शाई उडालेली होती, काहींना डिलिव्हरी चलन टाचलेले होते आणि एक बिल बेळगावच्या व्यापाऱ्याचे होते. त्या परराज्यातल्या बिलावरचा कर तिने राज्यातल्या खरेदीसारखा केंद्र आणि राज्य असा निम्मा-निम्मा नोंदवला, कारण परीक्षेच्या गणितात माल कोणत्या राज्यातून आला हे प्रश्नातच लिहिलेले असते. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्य सांगतात, महाराष्ट्राचे २७ आणि कर्नाटकाचे २९, हे तिला कोणी प्रत्यक्ष बिल हातात देऊन दाखवलेच नव्हते.

खरी अडचण पुढे आली. नोंदींची बेरीज जीएसटीआर-२बी शी, म्हणजे पुरवठादारांच्या विवरणपत्रांवरून आपोआप तयार होणाऱ्या खरेदीच्या पत्रकाशी, जुळेना, कारण दोन पुरवठादारांनी त्यांची विवरणपत्रे भरलेली नव्हती. तिने दुपारभर आकडेमोड केली आणि शेवटी ती दोन बिले नोंदींतून काढून टाकली. आता जुळले, असे तिने समाधानाने सांगितले. मुलगी प्रामाणिक आणि हुशार आहे. तीन वर्षांत सोडवलेल्या प्रत्येक गणिताचे तेरीज पत्रक (सर्व खात्यांच्या नावे-जमा बाकींचा ताळा) शेवटी जुळतेच, असे तिने पाहिले होते. आमच्या कामात मात्र जे जुळत नाही तिथूनच सुरुवात होते. २०२२ पासून पुरवठादाराने दाखवलेले बिल २बी मध्ये दिसल्याशिवाय खरेदीवरील कराची वजावट घेता येत नाही. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्यासाठी २बी १४ तारखेला तयार होते आणि ३बी, म्हणजे ज्यात ही वजावट घेऊन कर भरतात ते विवरणपत्र, २० तारखेपर्यंत भरायचे असते. त्या मधल्या दिवसांत पुरवठादाराला फोन करून, "काका, तुमची दोन बिले अजून दिसत नाहीत, विवरणपत्र भरले का?" असे विचारणे हे तिचे काम होते. तो फोन करायला तिला दोन दिवस धीर झाला नाही.

अभ्यासक्रम कालबाह्य आहे, ही तक्रार नेहमी ऐकू येते, पण ती मला फारशी महत्त्वाची वाटत नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले आणि १९६१ च्या आयकर कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा घेतो. या वेगाने कोणतेही पाठ्यपुस्तक धावणार नाही. अधिसूचना स्वतः वाचून तिचा अर्थ लावण्याची सवय लागली, तरी पुरे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणाला श्रेयांक मिळू लागले, याचा मला मनापासून आनंद झाला होता. परंतु माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थ्याला काम नको होते, फक्त शिक्का मारलेले प्रमाणपत्र हवे होते, आणि मी नकार दिल्यावर त्याच्या महाविद्यालयातून साधी चौकशीही झाली नाही. दोष एकट्या महाविद्यालयांचा नाही, कारण आमच्यापैकी अनेकजण प्रशिक्षणार्थींना झेरॉक्स काढायला आणि बँकेत चेक भरायलाच पाठवतात.

तरीही हिशेबाच्या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्याला मी हीच पदवी घ्यायला सांगेन. मात्र दुसऱ्या वर्षापासून एखाद्या कार्यालयात रोज दोन तास बसण्याची तयारी ठेवावी. यंदा जवळच्या एका महाविद्यालयाला मी नावे आणि क्रमांक खोडलेल्या जुन्या बिलांच्या प्रतींचा एक गठ्ठा वर्गात सोडवण्यासाठी देऊ केला आहे. न जुळणारी दोन बिले त्यात मुद्दाम ठेवली आहेत.