चिंगीच्या गळ्यातल्या गाठी आणि हा दवाखाना (साडेचार स्टार)

आधीच सांगते, दवाखाना छोटा आहे, पार्किंगच्या नावाने बोंब आणि अपॉइंटमेंट घेऊनही पाऊण तास बसवलं. तरी साडेचार देतेय.

आमची चिंगी म्हणजे सात वर्षांची देशी कुत्री. जबड्याच्या मागे दोन्हीकडे लिंबाएवढ्या गाठी आल्या, दाबल्या तरी हूं की चूं नाही, पण सारखे आवंढे गिळणं, ओठ चाटणं, लाळेच्या तारा, आणि पहाटे कोरड्या ओकाऱ्या, बाहेर काहीच पडत नाही. आधी जिथे जायचो तिथे घशाचं इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, फरक शून्य, वजन दीड किलो उतरलं. त्यात बिल्डिंगमधल्या काकू म्हणाल्या कॅन्सर असेल, झालं, दोन दिवस घरात कोणाला जेवण गेलं नाही.

इथल्या मॅडमनी माझंच बोट धरून गाठीवर ठेवलं, म्हणाल्या ही लिंफ नोड (इन्फेक्शनमध्ये सुजते ती गाठ) नाही, तिच्या शेजारची लाळग्रंथी आहे, लोक हमखास गल्लत करतात. मग सुईने पेशी काढून स्लाइड, रक्त, एक्सरे, आणि एंडोस्कोपीला दुसरीकडे पाठवलं, कारण स्पायरोसर्का नावाचा जंत अन्ननलिकेत गाठी करतो आणि त्यानेही असंच होऊ शकतं. सगळं नॉर्मल! स्लाइडवरच्या पेशीपण नॉर्मल, नुसती ग्रंथी फुगलेली. याला सायलॅडेनोसिस म्हणतात, बाकीचं सगळं बाद करत करत इथे पोचायचं. आणि औषध काय, तर फेनोबार्बिटोन, फिटची गोळी. मी म्हटलं अहो मॅडम, हिला फिट कुठे येते? तर म्हणाल्या कारण पक्कं माहीत नाही, पण बरेच कुत्रे या गोळीने सुधारतात म्हणून हा फिटचाच एखादा प्रकार असावा असं काही डॉक्टर मानतात. "माहीत नाही" असं तोंडावर सांगणारा डॉक्टर मी पहिल्यांदा बघितला.

तिसऱ्या दिवशी ओकाऱ्या बंद. गाठी बसायला तीनेक आठवडे गेले. पहिला आठवडा बाई झिंगल्यासारख्या चालत होत्या आणि भूक अशी की पोळ्यांच्या डब्यासमोर धरणं.

अर्धा स्टार कापला कारण गोळी एकदम बंद करायची नसते आणि अधूनमधून लिव्हरची टेस्ट लागते हे मी विचारल्यावर कळलं, कागदावर लिहून द्यायला हवं होतं. आणि हो, गोळी चिठ्ठीशिवाय मिळत नाही. मेडिकलवाल्याने वहीत लिहायला पेशंटचं नाव विचारलं, मी म्हटलं चिंगी, वय सात, तर म्हणतो शाळेत जाते का?