पिल्लाची आई दाखवली, तरी फसलो

हे लिहायला दोन महिने घेतले, कारण मुलांसमोर आमच्या पिल्लाचा विषय काढला की अजून रडारड होते. पण परवा ऑफिसमधल्या एकीने विचारलं की आम्हाला पहिल्यांदाच कुत्रा घ्यायचाय, कुठली जात घेऊ, तेव्हा वाटलं की लिहायलाच पाहिजे, कारण आम्ही पण नेमकं हेच विचारत बसलो होतो.

आम्ही नाशिकला राहतो, टू बीएचके फ्लॅट, मी, नवरा, सासूबाई आणि दोन मुलं, नऊ आणि पाच वर्षांची. घरात आधी कुणीच कुत्रा पाळलेला नाही. मोठ्याला हस्की पाहिजे होता, तो उन्हाळ्यात इकडे हाल होतील म्हणून बाद. बीगल छोटा असतो म्हणून नवऱ्याला आवडला होता, पण तो फार जोरात ओरडतो, हेल काढतो, खालच्या मजल्यावर म्हातारी माणसं आहेत, म्हणून तो पण नको. शेवटी लॅब्रॅडॉर ठरला. केस खूप गळतात, रोज भरपूर फिरवायला लागतं, पहिली दोन वर्षं मस्ती असते, हे सगळं माहीत करून घेतलं होतं आणि ते मान्य होतं. म्हणजे जात निवडण्यात आमचं काही चुकलं नाही. आमची चूक ही की सगळा अभ्यास जातीवर केला आणि विकणारा मात्र पहिला जो सापडला तो धरला.

ऑनलाइन जाहिरात होती, फोटोत हिरव्या फुलांच्या पडद्यासमोर पिल्लं बसलेली. फोन केला तर माणूस एकदम गोड बोलणारा, ताई ताई करत. मी सहज म्हटलं की शिह त्झूचं पण बघत होतो, तर म्हणे आहे ना. गोल्डन रिट्रीव्हर? आहे. पॉमेरेनियन? तो पण आहे, सगळी ५० दिवसांच्या आसपासची. तेव्हा मला वाटलं, किती मोठा ब्रीडर आहे. आता कळतं की एका घरात चार जातींच्या कुत्र्या एकाच वेळी वीत नसतात, तो नुसता इकडून तिकडून पिल्लं आणून विकणारा होता.

९ नोव्हेंबरला, दिवाळीनंतरच्या एका रविवारी, आम्ही सगळे गेलो. शहराबाहेर हायवेजवळ एक बैठं घर. मी वाचलं होतं की पिल्लाची आई बघितल्याशिवाय घेऊ नये, म्हणून मी ठामपणे सांगितलं की आई दाखवा. तो लगेच हो म्हणाला, मागे गेला आणि पट्ट्याला धरून एक सुंदर पिवळी लॅब घेऊन आला. मोठी, चकचकीत, अंगावर भरपूर केस. आमची मुलं खूश. पिल्लू खाली ठेवलं, ते तिच्याकडे गेलंच नाही, आणि तिनेही त्याच्याकडे न बघता तोंड फिरवलं. मी विचारलं, असं का? तो म्हणाला, ताई आता दूध तोडलंय ना, म्हणून. मला ते पटलं.

नंतर डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला, आईचं पोट बघितलं का? पन्नास दिवसांची पिल्लं असलेल्या कुत्रीचे सड दूध तुटलं तरी लोंबलेले दिसतात, ती उतरलेली असते, बऱ्याचदा केसही गळलेले असतात. त्या पिवळ्या कुत्रीचं पोट मला आजही डोळ्यासमोर दिसतं, फळीसारखं सपाट. ती आई नव्हतीच. आणि हे माझ्या समोर होतं, दोन हातांवर.

पिल्लाला पावडर लावलेली, वास येत होता. पोट टम्म फुगलेलं होतं, तर म्हणे आत्ताच खाल्लंय. ते जंत होते. १५ हजार ठरले, तीन हजार जास्त दिले तर केसीआयचे, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचे पेपर, ते पंधरा दिवसांत कुरिअरने येतील. आम्ही १८ दिले, यूपीआयने, नाव भलत्याच कुणाचं तरी आलं, म्हणाला मेहुण्याचा नंबर आहे. पावती मागितली नाही. कागद अर्थातच आले नाहीत, आणि आले असते तरी उपयोग काय, केसीआयचा कागद म्हणजे वंशावळ, पिल्लू निरोगी असल्याचा तो दाखला नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. खऱ्या कागदावर कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा नंबर असतो आणि डॉक्टर पिल्लाच्या मानेजवळ स्कॅनर फिरवून तो जुळवून बघू शकतात. आमच्या पिल्लाला चिप नव्हतीच.

मुलांनी नाव ठेवलं लाडू. पहिल्या रात्री थंडीने कुडकुडत होता, मोठ्याने स्वतःचं स्वेटर दिलं. दुसऱ्या दिवशी खेळला. तिसऱ्या दिवशी उलटी आणि पातळ संडास. त्या माणसाला फोन केला तर म्हणे जागा बदलली की होतं ताई, दहीभात द्या, डॉक्टरकडे नेऊ नका, उगाच इंजेक्शनं टोचतात. सासूबाईंनी दहीभात कालवून बोटाने भरवला, आणि आमचा एक अख्खा दिवस त्यात गेला. चौथ्या दिवशी पहाटे संडासमधून रक्त, आणि असा वास की तो मी आयुष्यात विसरणार नाही.

डॉक्टरांनी किटवर टेस्ट केली, पाच-दहा मिनिटांत दोन रेघा. पार्वो, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांना होणारा व्हायरसचा जीवघेणा आजार. मग त्याचं तोंड उघडून दात बघितले आणि म्हणाले हे पन्नास दिवसांचं नाही, दाढा अजून नीट आलेल्याच नाहीत, पाच आठवड्यांचं असेल. पार्वोची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात, म्हणजे तो आजार तिथूनच घेऊन आला होता. तो माणूस नंतर म्हणत राहिला की तुमच्याच घरी लागण झाली.

वॅक्सिन कार्ड मी डॉक्टरांच्या टेबलवर पहिल्यांदा नीट वाचलं. जन्म २० सप्टेंबर, पहिलं वॅक्सिन १८ ऑक्टोबर. म्हणजे २८ दिवस. पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांदरम्यान देतात, त्याआधी दिला तर आईकडून आलेल्या अँटीबॉडीजमुळे लस नीट लागत नाही, आणि मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत डोस चालू ठेवायचे असतात. कार्डावर स्टिकर होतं पण डॉक्टरचा शिक्का नाही, रजिस्ट्रेशन नंबर नाही, सही म्हणून एक रेघ. आणि २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. त्याच्या स्वतःच्या कार्डाप्रमाणे सुद्धा लाडू ५० दिवसांचा, म्हणजे ५६ पूर्ण नव्हतेच. नुसती बोटं मोजली असती तरी समजलं असतं.

चार दिवस सलाईन चालू होतं. मी बँकेतून हाफ डे घेऊन तिथे बसायचे, पुढच्या पायाला निळी पट्टी, हात ठेवला की शेपूट एकदाच हलायची. पाचव्या दिवशी सकाळी फोन आला. मुलांना मी शाळेतून आल्यावर सांगितलं. धाकटी म्हणाली मी त्याला माझा घास देत होते म्हणून झालं का, तिला समजावायला मला किती दिवस लागले ते माझं मला माहीत.

खर्च २२ हजारांच्या वर गेला. पोलिस स्टेशनला तक्रार अर्ज दिला, पण पावती नाही, खात्यावर नाव दुसऱ्याचं, जाहिरात काढून टाकलेली. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि चॅट तरी सांभाळून ठेवा, आम्ही ते पण केलं नव्हतं. फरशी ब्लीचच्या पाण्याने पुसली, एक भाग ब्लीच तीस भाग पाणी, दहा मिनिटं तसंच ओलं ठेवून, कारण साध्या फिनाईलने हा व्हायरस मरत नाही आणि घरात महिनोन्‌महिने टिकतो. डॉक्टर म्हणाले निदान सहा महिने वॅक्सिन पूर्ण न झालेलं पिल्लू घरात आणू नका. तो स्वेटर टाकून द्यावा लागला.

मोठा आता म्हणतो पिल्लू नको, सोसायटीच्या गेटवरची जी भुरी गावठी कुत्री आहे, तिचंच नसबंदी आणि वॅक्सिन करून तिला घरी घेऊ. सासूबाई पण रोज संध्याकाळी तिला पोळी घेऊन जातात. बघू.

परवा ती जाहिरात परत दिसली. नंबर दुसरा, नाव दुसरं, पण मागे तोच हिरव्या फुलांचा पडदा, आणि डाव्या कोपऱ्यात पट्टा बांधलेली तीच पिवळी कुत्री, खाली लिहिलंय मदर ऑन साइट. यावेळी स्क्रीनशॉट काढून पोलिस स्टेशनला दिलाय. नाशिक, सिन्नर, इगतपुरी बाजूला कुणी लॅबचं पिल्लू बघत असेल आणि फोटोत तो पडदा दिसला, तर कृपा करून जाऊ नका.