सरकारी बँकेत पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) की प्रायव्हेट बँकेत आरएम (रिलेशनशिप मॅनेजर)? दोन्हीकडे काम केलंय म्हणून सांगतोय

आधी पगार आणि बदलीचं उरकून टाकतो. प्रायव्हेटला इन्सेन्टिव्ह असतो आणि बँक बदलली की पगार उडी मारतो, सरकारीत अधिकाऱ्यांची स्केल वनपासून वर चढणारी शिडी, प्रमोशन मिळालं की बदली, कधी थेट दुसऱ्या राज्यात. हे सगळ्यांना माहितीये. जॉइन झाल्यावर कोण तुमच्याकडून काय करून घेणार, हे मात्र कुणी सांगत नाही.

प्रायव्हेटला रोज सकाळी हडल, म्हणजे टार्गेटची छोटी मीटिंग, ग्रुपवर प्रत्येकाच्या विक्रीचा आकडा, आणि शेजारच्या टेबलवरचा मित्रच तुमच्या कस्टमरला फोन लावतो. मार्चमध्ये एक आजी एफडी रिन्यू करायला आल्या होत्या, मी त्यांना युलिप (बाजारात पैसे गुंतवणारी विमा पॉलिसी) दिली, पाच वर्षं पैसे अडकतात हे नीट सांगितलंच नाही, चार महिन्यांनी त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पैसे काढायला आल्या तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना. आणि त्या मार्चमध्ये विक्रीत मी शाखेत पहिला होतो. येस बँकेचे एटी-वन बाँड, म्हणजे बँक अडचणीत आली तर पैसे बुडू शकतात असे रोखे, एफडीला पर्याय म्हणून साध्या ग्राहकांना विकले गेले असं सेबीला (शेअर बाजाराची नियामक संस्था) आढळलं, 2020 ला जवळपास 8,400 कोटींचे बाँड शून्य झाले. ते विकणारे पण माझ्यासारखेच टार्गेटवाले असणार.

सरकारीत विमा पॉलिसी विकायचं टार्गेट नसतं असं समजू नका, असतं, पण ते चुकलं म्हणून नोकरी जात नाही. इथला धोका सही आणि पासवर्डचा. 2018 ला उघडकीस आलेला पीएनबीच्या (पंजाब नॅशनल बँक) मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेचा घोटाळा आठवा, एलओयूचे (बँकेची हमीपत्रं) मेसेज स्विफ्ट या बँकाबँकांमधल्या मेसेज यंत्रणेवरून जायचे पण सीबीएसमध्ये, म्हणजे बँकेच्या मुख्य हिशेब प्रणालीत, एंट्रीच नाही, आणि अधिकारी वर्षानुवर्षं त्याच खुर्चीवर. छोट्या शाखेत एवढं मोठं होत नाही, पण 'पासवर्ड दे, मी करून घेतो' हे ऐकायला मिळतंच, आणि प्रमोशन जवळ आलेला साहेब मार्चएंडला कच्ची लोन फाइल पुढे सरकवतो. हप्ते थकून लोन एनपीए झालं की स्टाफ अकाउंटेबिलिटीत, म्हणजे चूक कुणाची ते ठरवणाऱ्या चौकशीत, सही कुणाची एवढंच बघतात, तोवर साहेब बदलून गेलेला असतो.

मला विचाराल तर डोक्यावर ईएमआय नसेल आणि वेळ आली तर राजीनामा टाकायची तयारी असेल तरच प्रायव्हेट घ्या. वरिष्ठांना 'सर, लेखी द्या' म्हणता येत असेल तर सरकारी. आणि प्रायव्हेटची ऑफर घेण्याआधी त्याच बँकेच्या एखाद्या शाखेत आईची एफडी करायची म्हणून जा आणि काय विकायला बघतात ते नीट ऐका.